पोलीस भरतीची धाव आणि आपल्या मुलांचे गुडघे

पहाटे पाच वाजता विहाराच्या मागच्या रस्त्याने निघाले की आपल्या वस्तीतील मुले-मुली पळताना दिसतात. कुणी रात्रपाळी करून आलेला असतो, कुणाला पळून झाल्यावर आईबरोबर धुण्याभांड्याला जायचे असते. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट, पोलीस भरती. शिपाईपदाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. एकूण गुण ५०. सेकंदासेकंदाने गुण जातात, म्हणून मुले जीव टाकून पळतात.

त्यांतली एक मुलगी मागच्या वेळी मैदानापर्यंत पोहोचलीच नाही. गुडघ्याची वाटी महिनाभर दुखत होती, जिना उतरताना कळ येई. शिकवणारे म्हणाले, "अंगावर काढ, सवय होईल." तिने दुखण्याची गोळी घेऊन पळणे चालू ठेवले. शेवटी गुडघा सुजला. आई म्हणाली, "पळून पळून झिजला." आम्हीही मान डोलावली. ती आमची चूक होती.

पळण्याने गुडघा झिजतोच असे नाही. गुडघ्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो आणि सुटतो, तसे सांध्यातील वंगण तिच्यात जाते-येते. त्यावरच ती जगते. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून तपासले गेले. गुडघ्याची व खुब्याची सांधेझीज हौसेने पळणाऱ्यांत ३.५ टक्के, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धेतील धावपटूंत १३.३ टक्के आढळली. घात करते ती घाई. जाहिरात निघाली की काल बसून असलेला मुलगा आज मैदानाला दहा फेऱ्या मारतो. दम लवकर वाढतो, पण हाडांना आणि कंडरांना बळ यायला महिने लागतात.

विनयपिटकात सोण भिक्खूची हकीकत आहे. चंपेच्या श्रीमंत घरचा सुकुमार मुलगा. चंक्रमण करता करता त्याचे तळपाय फुटले, वाट रक्ताने माखली. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांविषयी विचारले: फार ताणल्या तर? फार सैल सोडल्या तर? आणि उपदेशावरच न थांबता त्याला वहाणा घालायची मोकळीक दिली. मला एकट्याला नकोत, असे सोण म्हणाला, तेव्हा ती साऱ्या संघाला मिळाली. आपल्या मुलांच्या पायांत मात्र बहुधा थोरल्या भावाचे, तळ गुळगुळीत झालेले बूट असतात. महाग बुटांची गरज नाही, पण पायाला नीट बसणारे हवेत.

वाटीभोवती दुखत असेल तर मांडीचे आणि कुल्ह्याचे स्नायू बळकट करावेत. हात न टेकता खुर्चीवरून उठबस, पायरीवर चढउतार, कुशीवर निजून वरचा पाय उचलणे, एवढे घरातल्या घरात होते. लांब ढांगा टाकण्यापेक्षा लहान पावले भराभर टाकली की गुडघ्यावरचा भार कमी होतो. उतारावर पळू नये. आठवड्यातून दोन दिवस पळूच नये. थोडे दुखले आणि सकाळपर्यंत गेले तर काळजी नाही; वाढले तर फेऱ्या कमी कराव्यात. गोळी खाऊन मात्र पळू नये.

सूज आली, गुडघा अडकला, चालताना दगा देऊ लागला किंवा रात्री ठणकू लागला, तर सरकारी रुग्णालयातील अस्थिरोग विभागात दाखवावे. नडगीवर एका बोटाएवढ्या जागी दुखत असेल तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. पळणाऱ्या मुलीची पाळी चुकत असेल तर तो धोका अधिक, आणि त्याचे एक मोठे कारण पोटाला कमी पडणे. आयांनो, घरात सगळ्यांत शेवटी जेवणारी तीच असते ना? डाळ, अंडी, शेंगदाणे आधी तिच्या ताटात पडू द्या.

ती मुलगी आता पुन्हा पळते. मंगळवारी आणि शुक्रवारी पळत नाही. त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर चढउतार करते, आणि आई भाजी निवडता निवडता मोजते.