शिरेची गोळी शीर बळकट करत नाही

‘पायाक मुंग्यो येतत, शिरेची गोळी होयी.’ मुंबई-गोवा महामार्गावरच्या कसाल तिठ्यापासून मालवणच्या रस्त्याने कट्ट्यापर्यंत आणि इकडे ओरोसपर्यंत ही मागणी सारखी कानावर पडते. घाटावर तिलाच ‘नसांची गोळी’ म्हणतात. नाव काहीही असो, समजूत एकच: ही गोळी नसांना ताकद देते, दबलेली नस मोकळी करते, आणि तिच्यात व्हिटॅमिन असल्यामुळे ती कुणीही, कितीही दिवस घेतली तरी चालते. ही समजूत साफ चुकीची आहे आणि कितीही वेळा सांगितलं तरी ती हटत नाही.

पट्टी उलटून पाहिली तर बहुतेक वेळा दोन नावं दिसतात. एक प्रेगॅबॅलिन, ७५ मिलिग्रॅम. दुसरं मिथिलकोबालामिन, ७५० किंवा १५०० मायक्रोग्रॅम. हे दुसरं म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाचं एक रूप. लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं. वेदना कमी करण्याचं काम मात्र पहिल्या औषधाचं, आणि ते काही टॉनिक नव्हे. ते फिट्सवरही वापरलं जातं. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रिचर्ड सिल्व्हरमन यांच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं, फायझर कंपनीने ‘लिरिका’ या नावाने बाजारात आणलं आणि डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्याला मधुमेहातल्या आणि नागिणीनंतरच्या नसांच्या वेदनेसाठी मंजुरी दिली. चेतापेशींच्या टोकाशी कॅल्शियम आत घेणाऱ्या वाटा असतात. हे औषध त्यांच्या एका भागाला चिकटतं, त्यामुळे वेदनेचा निरोप पुढे नेणारी रसायनं कमी सुटतात. एवढंच त्याचं काम. नस होती तशीच राहते. साखर वाढलेली असेल तर ती नस आतून झिजतच राहते, फक्त दुखणं कमी जाणवतं.

मुंग्या, जळजळ, टोचणी यांवर औषधाचा उपयोग होऊ शकतो, पण बधिरपणावर होत नाही. हा फरक कोकणात विशेष महत्त्वाचा आहे. लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उतरणाऱ्या किंवा जांभ्या दगडावरून चालणाऱ्या मधुमेही माणसाला पायात काटा मोडलेला कळत नसेल, तर दुखणं थांबलं म्हणून तो पाय सुरक्षित झालेला नसतो. तळव्याला संवेदना आहे का, हे डॉक्टर १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक साधा धागा टेकवून दोन मिनिटांत पाहू शकतात. ही तपासणी मागून घ्यावी. आणि त्वचेवर फिकट, बधिर चट्टा असेल तर गोळीच्या नादाने थांबूच नये. तो कुष्ठरोगही असू शकतो, आणि त्याचा उपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतो.

गुण किती येतो? इथे आकड्यांकडे पाहायलाच हवं. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१९ मध्ये या औषधाचा आढावा प्रसिद्ध केला. नागिणीनंतरच्या वेदनेत दिवसाला ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्या १०० पैकी ३२ जणांची वेदना निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरली. औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांत हा आकडा १३ होता. हा फरक ठसठशीत आहे. मधुमेहातल्या वेदनेत मात्र तेवढ्याच मात्रेला ३१ विरुद्ध २४. म्हणजे १०० जणांनी घेतली तर औषधामुळे असा आराम मिळणारे जास्तीचे सात. त्या सातांसाठी ही गोळी खरंच मोलाची आहे, रात्रभर पाय जळणाऱ्या माणसाला झोप लागणं ही काही लहान गोष्ट नाही. पण उरलेल्यांना महिनोन्‌महिने ती चालू ठेवण्यात अर्थ नसतो, आणि काही आठवड्यांत गुण आला की नाही हे डॉक्टरांनी पाहायचं असतं. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर गोळ्या नेणाऱ्याची ही पाहणी होणार कधी?

आता सायटिका. कंबरेतून पायात कळ गेली की ‘नस दबली’ म्हणायचं आणि शिरेची गोळी सुरू करायची, हा तर रिवाजच झाला आहे. लिरिकाच्या अमेरिकेतल्या लेबलवर सायटिका हे कारण नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीला याची रीतसर चाचणी झाली, ती मार्च २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. सायटिकाच्या २०९ रुग्णांपैकी निम्म्यांना आठ आठवड्यांपर्यंत प्रेगॅबॅलिन, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर आठव्या आठवड्याला पायाचं दुखणं औषधवाल्यांत ३.७ आणि दुसऱ्या गटात ३.१. औषधाने काडीचाही फायदा दिसला नाही. त्रासाच्या तक्रारी मात्र औषधवाल्यांत २२७, दुसऱ्यांत १२४, आणि त्यांत सर्वांत जास्त चक्कर. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२० मध्ये सायटिकासाठी हे औषध देऊ नये असं स्पष्ट सांगितलं. तरीही कंबर धरून आलेला माणूस शेजाऱ्याने दिलेल्या चार गोळ्या खिशात घेऊन फिरतो.

‘चाचण्या झाल्या म्हणजे सगळं बाहेर आलं’ हाही भाबडेपणा आहे. याच कुळातल्या गॅबापेंटिनच्या ज्या वीस चाचण्यांची कंपनीकडची अंतर्गत कागदपत्रं अमेरिकेतल्या खटल्यामुळे उघड झाली, त्यांतल्या बाराच छापल्या गेल्या होत्या. त्या बारांपैकी आठांत मूळ ठरलेला मुख्य निकष छापील लेखात बदललेला होता. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी फायझरने अमेरिकेत २.३ अब्ज डॉलर भरून एक प्रकरण मिटवलं. मंजुरी नसलेल्या दुखण्यांसाठी औषधांचा प्रचार केल्याचा ठपका त्यात होता आणि त्या औषधांत लिरिकाही होतं. म्हणून लेबल आणि चाचण्यांचा आकडा पाहायचा तो कंपनीबाहेरच्या तपासणीतून गेलेला.

लेबल वाचलं तर भाबडेपणा आपोआप उतरतो. प्रौढांवरच्या चाचण्यांत चक्कर १०० पैकी ३० जणांना, गुंगी २३ जणांना. औषध नसलेल्या गटात दोन्ही आठ-आठ. वजन सात टक्के किंवा त्याहून जास्त वाढलेले नऊ, दुसऱ्या गटात दोन. गोळी नवी असताना महामार्गावर दुचाकी घेऊन निघणारा, पहाटे होडीत चढणारा आणि माडावर चढणारा पाडेली, या सगळ्यांनी हे आकडे लक्षात ठेवायला हवेत. दारू घेतली तर गुंगी आणखी वाढते. मधुमेहाची पायोग्लिटाझोन ही गोळी आपल्याकडे पुष्कळांना चालू असते. तिच्या गटातलं औषध आणि प्रेगॅबॅलिन एकत्र घेणाऱ्या १०० पैकी १९ जणांच्या पायाला सूज आली, फक्त प्रेगॅबॅलिनवर ८, आणि नुसत्या पायोग्लिटाझोनच्या गटातल्या औषधांवर ३ जणांच्या. सूज आली की लोक मीठ बंद करतात, गोळ्यांकडे कुणी पाहत नाही.

किरकोळ गैरसमजही पुष्कळ. गुंगी आली म्हणजे गुण येतोय, असं नाही. दुप्पट मात्रेने दुप्पट आराम मिळत नाही. मधुमेहातल्या वेदनेसाठी लेबलवरची कमाल मात्रा दिवसाला ३०० मिलिग्रॅमच आहे. बांगडा खाणाऱ्याला बी-१२ कमी पडूच शकत नाही, हेही खरं नाही. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला पडू शकतं, रक्त तपासावं. आणि नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो ही तर निव्वळ भीती. ती एका नसेच्या पट्ट्यात, सहसा अंगाच्या एकाच बाजूला उठते. गेरू लावत बसण्यापेक्षा ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू करावं.

आपल्याकडे पट्टीतून तीन-चार गोळ्या कापून नेण्याची सवय आहे. कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नाव असतं तर तारीख नसते, तारीख असते तर ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये’ ही सूचना नसते. अख्खी पट्टी घ्यावी, ती घेऊनच ओरोसला किंवा गोव्यात बांबोळीला डॉक्टरांकडे जावं. मूत्रपिंडाचा त्रास, दमा किंवा फुप्फुसाचा विकार, झोपेची गोळी, ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक यांपैकी काही असेल तर आधी सांगावं, कारण हे औषध जवळजवळ सगळं मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं आणि श्वास मंदावण्याचा इशारा एफडीएने डिसेंबर २०१९ मध्येच दिला आहे. मन फार खचलं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर तेही लपवू नये, लेबलवर त्याचीही सूचना आहे. आणि गोळी थांबवायची ठरली तर एका दिवसात टाकून देऊ नये. डॉक्टरांना विचारून निदान एक आठवडा घेऊन ती हळूहळू कमी करावी.