डॉक्टर, एक विचारू?

शुक्रवारची रात्र. ऑफिसातून दमून-भागून घरी येता, तर आई सोफ्यावर गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसलेली. शेजारी एक्स-रेचं पाकीट. वय साठीच्या आसपास, गुडघ्याची झीज आणि डॉक्टरांचा सल्ला : ‘दुर्बिणीतून गुडघा साफ करून घेऊ, एका दिवसाचं काम.’ बाबा म्हणतात, ‘‘करून टाकू या.’’ मावशी फोनवरून बजावते, ‘‘मुळीच हात लावू देऊ नका!’’ आणि सगळ्यांच्या नजरा वळतात तुमच्याकडे. घरात नेटवरचं सगळं कळणारे तुम्हीच ना!

मग काय, तुम्ही सर्च मारता. पहिली लिंक एका ऑपरेशनच्या पॅकेजची. दुसरी कसल्याशा तेलाची. तिसरीत एक काका सात दिवसांत कसे धावायला लागले याचा व्हिडिओ. तासाभराने तुमचाच गुडघा दुखायला लागतो, पण उत्तर काही मिळत नाही.

थांबा. डॉक्टर मंडळी जिथे पुरावा शोधतात, तिथे तुम्हीही जाऊ शकता. तेही फुकट!

लायब्ररी घरबसल्या

जगभरातल्या वैद्यकीय संशोधनाची सूची अमेरिकेत १८७९ पासून जाडजूड छापील खंडांत निघायची. पुढे ती कॉम्प्युटरवर आली, तरी सामान्य माणसाच्या हाताबाहेरच होती. १९९७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने ‘पबमेड’ सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. आज तिथे साडेतीन कोटींहून जास्त शोधनिबंधांची नोंद आहे. बहुतेकांचा सारांश लगेच वाचता येतो आणि बऱ्याच निबंधांचा पूर्ण मजकूरही मिळतो.

दुसरा पत्ता ‘कॉक्रेन लायब्ररी’चा. १९९३ मध्ये सुरू झालेल्या कॉक्रेन या संस्थेचं काम वेगळं. एका प्रश्नावर जगात झालेले सगळे अभ्यास गोळा करायचे, त्यातले कच्चे-पक्के पारखायचे आणि एकत्र निष्कर्ष काढायचा. प्रत्येक आढाव्याला साध्या भाषेतला सारांश जोडलेला असतो. डॉक्टर नसलेल्यांनी सुरुवात इथूनच करावी.

आधी ‘पिको’ करा

साडीचं नव्हे, प्रश्नाचं! डॉक्टरांच्या भाषेत ‘पिको’ म्हणजे चार गोष्टी : पेशंट कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि फायदा कोणता हवा. ‘आईचा गुडघा बरा होईल का?’ हा झाला काळजीचा प्रश्न. शोधता येईल असा प्रश्न असा : ‘झिजेमुळे दुखणाऱ्या गुडघ्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली, तर न केलेल्यांपेक्षा दुखणं कमी होतं का?’

आता यातले मुख्य शब्द इंग्रजीत टाका : ‘नी’, ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’, ‘आर्थ्रोस्कोपी’. हजारो निबंध धो धो अंगावर येतील. घाबरू नका. पबमेडच्या डाव्या बाजूला गाळण्या आहेत. त्यातली ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ लावा. म्हणजे अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा. मग ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’. म्हणजे कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून केलेला प्रयोग. ढीग झटक्यात आटोक्यात येतो.

नुसतीच चीर!

या ढिगात २००२ चा एक अफलातून प्रयोग सापडेल. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये गुडघ्याची झीज असलेल्या १८० जणांचे तीन गट केले. एका गटाचा गुडघा दुर्बिणीतून खरवडून साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला आणि तिसऱ्या गटाच्या कातडीवर फक्त चिरा दिल्या. आत काहीच नाही! कोणावर काय केलंय, हे पेशंटना ठाऊक नव्हतं. दोन वर्षं पाठपुरावा झाला. खऱ्या ऑपरेशनवाल्यांचं दुखणं खोट्या ऑपरेशनवाल्यांपेक्षा कधीच कमी निघालं नाही.

पण लगेच उड्या मारू नका. ते पेशंट माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमधले, जवळजवळ सगळे पुरुष. तुमची आई त्यांच्यात बसते का? हा प्रश्न प्रत्येक अभ्यासाला विचारायचाच. म्हणून एका प्रयोगावर न थांबता आढाव्याकडे जायचं. कॉक्रेनने २०२२ मध्ये अशा १६ ट्रायल्स एकत्र तपासल्या. पेशंट दोन हजारांवर. निष्कर्ष तोच : झिजेच्या गुडघ्यात या शस्त्रक्रियेने दुखण्यात आणि हालचालीत फारसा फरक पडत नाही. त्याआधी २०१७ मध्ये ‘बीएमजे’त एका आंतरराष्ट्रीय गटानेही अशा गुडघ्यांसाठी तिच्या विरोधात ठाम शिफारस केली होती.

मग करायचं काय? व्यायामावरचा कॉक्रेनचा २०१५ चा आढावा ५४ अभ्यासांवर बेतलेला. व्यायामाने दुखणं कमी होतं, असं त्याने सांगितलं. २०२४ च्या सुधारित आढाव्याने मात्र हा फायदा छोटा असल्याचं दाखवलं. निराश होऊ नका, यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, तारीख बघायची. नवा आढावा आला की जुना मागे पडतो. दुसरी, ‘फायदा होतो’ एवढ्यावर भागत नाही. किती होतो, ते विचारायचं.

छापलंय म्हणजे खरं?

पबमेडवर नोंद आहे म्हणजे शिक्कामोर्तब झालं, असं नाही. लसीचा आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा १९९८ चा कुप्रसिद्ध निबंध अवघ्या १२ मुलांवरचा. ‘लॅन्सेट’ने तो २०१० मध्ये मागे घेतला. पबमेडवर तो आजही आहे, पण ‘मागे घेतला’ असा शेरा डोक्यावर घेऊन! उंदरांवरचा प्रयोग, पाच-दहा पेशंटांची हकिगत, औषध कंपनीच्या पैशातून झालेला अभ्यास, हे सगळंही तिथे एकाच रांगेत बसलेलं असतं. पारख आपण करायची.

आता डॉक्टरांकडे

प्रिंटआउट टेबलावर आपटून ‘हे बघा!’ म्हणायला जाऊ नका. डॉक्टरांनी आईचा गुडघा तपासलाय, तुम्ही फक्त सारांश वाचलाय. कदाचित त्यांचं कारण वेगळंच असेल. इजेमुळे अडकून बसलेला गुडघा हा निराळा मामला आणि सांधा बदलण्याचं ऑपरेशन हा तर वेगळाच प्रश्न, त्याचा पुरावाही वेगळा. म्हणून शांतपणे विचारा : ‘‘डॉक्टर, नुसत्या झिजेसाठी आर्थ्रोस्कोपीचा फारसा उपयोग होत नाही, असं वाचलं. आईच्या बाबतीत काही वेगळं कारण आहे का? आणि आत्ता नाहीच केली, तर काय होईल?’’

चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. राग आलाच, तर दुसरं मत घ्यायला हरकत नाही. गुडघा कुठे पळून जात नाही. छातीत दुखत असेल, अर्धं अंग लुळं पडत असेल, तर मात्र सर्च-बिर्च सोडा आणि गाडी काढा!

चटकन लक्षात ठेवा

* आधी आढावा, मग एकेकटी ट्रायल.
* पेशंट आपल्या माणसासारखे होते का, ते बघा. भारतात कोणत्या ट्रायल्स चालल्यात, ते २००७ मध्ये सुरू झालेल्या आपल्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीवर मोफत दिसतं.
* ‘धोका निम्मा झाला’ वाचलं की विचारा, कितीचा निम्मा? हजारात दोनाचा एक झाला, तरी तो निम्माच!
* सापडलेल्या माहितीवर परस्पर गोळी सुरू किंवा बंद करू नका.

सोमवारी अर्धा दिवस रजा टाका आणि आईबरोबर जा. कागदावर तीनच प्रश्न लिहून न्या. आणि हो, पहिला प्रश्न आईला विचारू द्या. गुडघा तिचा आहे!