प्यायचं नाही, नुसती चूळ!

रविवारी आमच्या सायकल ग्रुपमधला एक पोरगा एनर्जी ड्रिंक तोंडात घोळवून चक्क थुंकत होता. सगळे हसले. पण पठ्ठ्याचं बरोबर होतं!

२००४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात ९ सायकलपटूंना तासाभराच्या चाचणीत माल्टोडेक्स्ट्रिनच्या पाण्याने चुळा भरायला लावल्या. (ही स्टार्चपासून बनणारी, जेमतेम गोड पावडर.) पोटात काही गेलं नाही, तरी कामगिरी सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली. ग्लुकोज थेट शिरेतून दिलं, तेव्हा मात्र फरक शून्य!

म्हणजे खेळ मेंदूचा. तोंडाला कर्बोदकं कळली की मेंदूतले उत्तेजन देणारे भाग जागे होतात. २००९ मध्ये स्कॅनवरही हे दिसलं.

लांबच्या राइडला खाण्याला पर्याय नाही हं. पण तासभर जोरात मारायची असेल आणि पोट डचमळत असेल, तर करून बघाच.

काही शंका? कमेंटमध्ये विचारा.