तुझा झोन कोणता?

टॅलेंट आहे, पण बघणार कोण? अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल असो की परभणीतलं क्रिकेट, मामला सेम आहे!

अप्रेझलच्या दिवसांत हे तुम्हीही अनुभवलं असेल. हेड ऑफिसातला पोरगा दिवसभर बॉसच्या नजरेसमोर असतो. ब्रँचमधला मात्र मरमर राबूनही लिस्टमध्ये नसतो.

१८८९ मध्ये अमेरिकेत कॉलेज फुटबॉलची पहिली 'ऑल-अमेरिका' टीम निवडली गेली. नाव अख्ख्या देशाचं आणि अकराच्या अकरा खेळाडू हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनचे! निवडणाऱ्यांची नजर पूर्वेकडच्या बड्या कॉलेजांपलीकडे जातच नव्हती. मग इतर भागांतल्या मंडळींनी 'ऑल-सदर्न', 'ऑल-वेस्टर्न' अशा आपापल्या टीम काढल्या. तुम्ही बघत नाही ना? मग आम्हीच बघतो!

देशी व्हर्जन

आपल्याकडे हे काम झोननं केलं. १९६१-६२ मध्ये दुलीप ट्रॉफी सुरू झाली. रणजी टीममधले निवडक खेळाडू घेऊन नॉर्थ, साऊथ, ईस्ट, वेस्ट आणि सेंट्रल अशा पाच टीम. पहिली ट्रॉफी वेस्टनं मारली. कॉलेजवाल्यांसाठी १९३५-३६ पासून रोहिंटन बारिया ट्रॉफी होतीच. १९६६-६७ मध्ये विझी ट्रॉफी आली आणि युनिव्हर्सिटीच्या पोरांच्याही झोनल टीम होऊ लागल्या.

नकाशाची गंमत

आता परभणी बघा. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. तसाच राहिला असता, तर इथल्या पोराचा झोन साऊथ झाला असता! आज तो महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे, म्हणजे वेस्ट झोनमध्ये येतो. नागपूरकर मात्र विदर्भाचे, म्हणून सेंट्रल. राज्य एक, रणजी टीम तीन आणि झोन दोन. आहे की नाही धमाल?

पण इथल्या पोरासाठी ही नुसती गंमत नाही. वेस्टमध्ये मुंबई, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र अशी तगडी गर्दी. त्याआधी महाराष्ट्राच्या टीममध्ये घुसायचं, तर असोसिएशनचं हेड ऑफिस पुण्यात. झोनच्या टीमपर्यंत पोचायला आधी एवढे जिने चढायचे.

दोन वाटा, एक मॅच

तरी वाट निघते. डिसेंबर २००१, मोहाली, समोर इंग्लंड. या टेस्टमध्ये मराठवाड्याच्या दोघांनी एकदमच पदार्पण केलं. इक्बाल सिद्दीकी औरंगाबादचा (आताचं छत्रपती संभाजीनगर), महाराष्ट्राकडून खेळणारा, म्हणजे वेस्ट. संजय बांगर जन्मानं बीडचा, पण टीम रेल्वेची, म्हणून सेंट्रल! दुसऱ्या डावात जिंकायला पाचच रन हवे होते. सिद्दीकीला चक्क ओपनिंगला पाठवलं आणि त्यानंच ते काढले. पुढच्याच वर्षी हेडिंग्लेला बांगरनं ओपनिंगला येऊन ६८ रन ठोकले.

झोन आऊट, झोन इन

२०१६ मध्ये दुलीप ट्रॉफीतून झोन गेले, इंडिया रेड, ब्लू, ग्रीन आले. २०२२ ला झोन परतले. २०२४ ला इंडिया ए, बी, सी, डी. २०२५ ला पुन्हा झोन! वरून टीम पाडल्या तर नावाजलेले हमखास दिसतात. झोनमध्ये निदान प्रत्येक भागाची खुर्ची राखीव असते. त्या खुर्चीपर्यंत परभणीचा पोरगा पोचायचा, तर आधी कुणीतरी परभणीला येऊन त्याची मॅच बघायला हवी.