पाटीवरचे नाव

बँकेच्या काउंटरमागे तीसहून अधिक वर्षे बसलेल्या माणसाला एक खोड लागते. कोणी समोर आले की चेहऱ्याआधी त्याच्या हातातली स्लिप दिसते. निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहिताना मी माणसांच्या मनात शिरण्याचा आव आणतो खरा, पण आजही मला आधी आकडाच दिसतो. या खोडीपायी माझ्या हातून एकदा चूक घडली.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस मी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. अमेरिकन मराठी मिशनचे काम या भागात १८३१पासूनचे. त्यामुळे पेन्शनच्या रांगेत ख्रिस्ती शिक्षक-शिक्षिका हमखास असत. त्यांतल्या एक बाई पेन्शन हातात पडताच त्यातले पन्नास रुपये बाजूला काढत, गावातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या खात्यात भरत आणि शिक्का मारलेला पावतीचा तुकडा फाडून टोपलीत टाकत. पन्नास रुपये तेव्हा लहान रक्कम नव्हती. ‘‘बाई, पावती जपून ठेवा, हिशेबाला लागेल,’’ मी एकदा म्हणालो. ‘‘तुमच्या लेजरात आहे ना, साहेब? मग झाले,’’ त्या म्हणाल्या.

ग्राहकाची गुप्तता हा बँकिंगचा पहिला धडा. तो विसरून मी एके दिवशी वसतिगृहाच्या व्यवस्थापकांना बाईंचे नाव सांगून टाकले. हेतू चांगला होता, आणि आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला सांगण्याचा मोहही होता. नाताळच्या कार्यक्रमात बाईंना शाल पांघरण्यात आली आणि भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी लागली. पुढच्या महिन्यात त्या आल्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘‘साहेब, इतके दिवस मी मुलींना देत होते. आता दर महिन्याला त्या पाटीला द्यावे लागणार.’’ त्यानंतर वसतिगृहाची स्लिप त्यांनी माझ्या काउंटरवर कधी भरली नाही. दुसरीकडे कुठेतरी देत असाव्यात.

मी ख्रिस्ती नाही. पण त्या वाक्यापायी मी नवा करार काढून वाचला. उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये, हा डोंगरावरील प्रवचनातला उपदेश ऐकून माहीत होता. गरीब विधवेच्या दोन टोल्याही माहीत होत्या. मात्र मला अडवून ठेवले ते पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राने. इ. स. ५५-५६च्या सुमाराचे हे पत्र. त्याचे दोन अध्याय, आठवा आणि नववा, चक्क वर्गणीविषयी आहेत.

यरुशलेममधल्या गरीब बांधवांसाठी पौल निधी गोळा करीत होता. करिंथ हे व्यापारी बंदर, पैसा खेळणारे. तिथल्या मंडळींनी वर्षभरापूर्वी कबूल केले होते, पण काम रेंगाळले होते. उलट मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतःच हलाखीत. त्यांनी ऐपतीबाहेर दिले आणि आम्हालाही या कामात वाटा द्या म्हणून गळ घातली. आता एखादा वसुली अधिकारी काय करील? करिंथकरांना नोटीस पाठवील. पौल सांगतो, की मी आज्ञा करीत नाही. जुन्या नियमशास्त्रात दशमांश ठरलेला होता. इथे पौल टक्केवारी लिहीत नाही. ज्याने त्याने मनात ठरवावे, कुरकुरत किंवा भिडेखातर देऊ नये. आधार एकच: ख्रिस्त धनवान असून तुमच्यासाठी दरिद्री झाला.

गंमत अशी, की हाच पौल पैशाच्या व्यवस्थेत कमालीचा काटेकोर आहे. रक्कम एकट्याच्या हाती ठेवत नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस धाडतो, कोणी बोट दाखवू नये म्हणून. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत आणि त्या दोघांकडे असत, तसेच हे. म्हणजे नम्रता हिशेब नाकारत नाही. घेणाऱ्याने हिशेब चोख ठेवावा. देणाऱ्याने मात्र आपले नाव त्यातून सोडवून घ्यावे. आणि रोमकरांना लिहिताना तर पौल या देणगीला ऋण म्हणतो. यरुशलेमकडून आत्मिक ठेवा मिळाला, तो पैशाने थोडा फेडायचा. जो फेडतो आहे तो शाल कशी घेणार?

मराठी ख्रिस्ती जीवनात हे कोणी जगून दाखवले असेल तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांनी ते गेले. त्यांच्या हातात पैसा कधी टिकला नाही, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. पण ते पुस्तक वाचताना मला दरवेळी लक्ष्मीबाईच अधिक दिसतात. नवऱ्याने सढळ हाताने द्यावे आणि बायकोने रिकाम्या डब्यांशी झगडावे, हा त्या संसाराचा क्रम. दातृत्वाची किंमत पुष्कळदा देणाऱ्याच्या घरातले दुसरेच कोणी मोजत असते. त्याची आठवण ठेवणे हाही नम्रतेचाच भाग. लक्ष्मीबाईंनी ती किंमत मोजली आणि हसत हसत लिहून ठेवली.

आज दानाचा फोटो दानाआधी निघतो. मोबाइलवर रक्कम जाते आणि त्याच मोबाइलवर चार ओळखीच्यांना कळवलीही जाते. त्यांना नावे ठेवायला मी कोण? एका माणसाचे गुपित मीच पाटीवर नेऊन टांगले होते. त्या पन्नास रुपयांत बाईंना जे समाधान होते, ते मी कौतुकाच्या भरात काढून घेतले, याचे मला तेव्हा भानही नव्हते.

बाई आता हयात नसाव्यात. पाटीवरचा रंगही उडाला असेल. या लेखात त्यांचे नाव नाही, गावाचेही नाही. गुप्ततेचा पहिला धडा गिरवायला मला इतकी वर्षे लागली.