जुन्या सोनेरी घड्याळाची पारख

किल्ली न देता मनगटाच्या हालचालीवरच चालणाऱ्या घड्याळाचे आज कोणास नवल वाटत नाही. इंग्लंडच्या जॉन हार्वुडला अशा मनगटी घड्याळाचे स्विस पेटंट १९२४ साली मिळाले. आतील वजन हलते आणि कमान गुंडाळली जाते, हे त्याचे मर्म. जिनीव्हाच्या पातेक फिलिपने आपले पहिले स्वयंचलित मनगटी घड्याळ, क्रमांक २५२६, १९५३ साली काढले. त्यातले फिरते वजन अठरा कॅरट सोन्याचे. सोने जड, म्हणून थोड्या जागेत त्याचा जोर पुरतो. तबकडी बहुधा भट्टीत भाजलेल्या मिन्याची.

असे घड्याळ घेणाऱ्याने प्रथम सोन्याचे वजन पाहू नये. मिन्याला सूक्ष्म चीर गेली आहे काय, हे भिंगातून पाहावे. तडकलेला मिना पूर्ववत होत नाही. मग कवचाच्या कडा आणि सोन्यावरील छाप पाहावेत. वरचेवर झिलई केल्याने कडा बोथट होतात, छाप पुसट होतात. वडिलांचे घड्याळ हौसेने चकचकीत करून आणणारा मुलगा त्याचे मोल नकळत घटवितो. यंत्राची सफाई व तेलपाणी अवश्य करावे. काळाने दिलेल्या रूपाला मात्र हात लावू नये.