अक्षर आणि अक्षराचे चित्र

इ. स. १८०५ मध्ये मिरजेस भगवद्गीता छापली गेली, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक आहे. ती कशी छापली, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रज रेसिडेंट मॅलेट याच्या संगतीत पुण्याच्या एका तांबटाने अक्षरे कोरण्याची विद्या हस्तगत केली. नाना फडणविसांनी त्याच्याकडून गीतेचे पत्रे कोरविण्यास आरंभ केला आणि नानांच्या पश्चात ते काम मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने पुरे झाले. अख्खे पान तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे, शाई लावायची आणि कागद दाबायचा, अशी ती रीत. त्याच वर्षी बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरी याचे मराठी व्याकरण निघाले. त्यात मात्र देवनागरीचे खिळे जुळविलेले होते. कागदावर दोन्ही पाने वाचता येतात. पण खिळ्याचा ‘क’ उचलून दुसऱ्या पानात बसविता येतो, पत्र्यावरचा ‘क’ पत्र्यातच अडकून राहतो.

हा जुना भेद आज सांगण्याचे कारण असे की, संगणकावर तो पुन्हा जसाच्या तसा उभा राहिला आहे. कागद यंत्राखाली ठेवून त्याचा फोटो घेतला व त्याची पीडीएफ केली, की ते मिरजेचे पान झाले. तेच टंकलिखित करून ठेवले, तर ते खिळ्यांचे पान. डोळस माणसाला यातला फरक जाणवत नाही. आंधळ्या माणसाला तो पहिल्या क्षणी जाणवतो.

अंध माणूस संगणक कानाने वापरतो. पडद्यावरील अक्षरे ओळखून ती मोठ्याने म्हणणारी एक व्यवस्था संगणकात असते. तिला स्क्रीन रीडर म्हणतात. एनव्हीडीए हा त्यांतला एक प्रसिद्ध. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने २००६ साली तो रचावयास घेतला, जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्यास येऊन मिळाला, आणि आज तो कोणासही फुकट मिळतो. मोबाइलमध्ये तर अशी सोय आधीच घातलेली असते. तेव्हा अडचण यंत्राच्या किमतीची उरलेली नाही. यंत्रापुढे आपण काय ठेवतो, तेथे खरी अडचण आहे. चित्र ठेवले तर ते ‘चित्र’ एवढेच म्हणते आणि गप्प बसते. नव्या यंत्रांना चित्रातली अक्षरे हुडकता येतात, हे खरे. पण मराठीत ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होण्याचे भय असते, आणि आकडा चुकला तर तो चुकला हे ऐकणाऱ्याला कळण्याचा मार्गच नसतो.

आकड्यांचे महत्त्व कृष्णाकाठच्या लोकांना सांगावयास नको. सातारा जिल्ह्यात कोयना धरणातून पाणी सोडले, की ते कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेस मिळते आणि पुढे सांगलीस येते. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशाऱ्याची पातळी व ४५ फूट ही धोक्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. अशा दिवसांत पाण्याची पातळी, विसर्ग, कोणत्या गल्लीने स्थलांतर करावे, यांच्या सूचना मोबाइलवरून हातोहात फिरतात, आणि त्यांतल्या कितीतरी चित्ररूपाने फिरतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणी कागदाचा फोटो काढतो, कोणी रंगीत फलक करतो. घरात एकटाच असलेला अंध मनुष्य त्या वेळी शेजाऱ्याची वाट पाहतो. आणि शेजारी स्वतःचे सामान माळ्यावर चढवीत असतो. त्याच सूचनेच्या चार ओळी चित्राखाली टंकलिखित केल्या असत्या, तर ती त्याला इतरांबरोबरच कळली असती. ‘लाल रंगातील भागांनी घरे सोडावीत’ असे नकाशावर लिहिण्यातही हाच दोष आहे. रंग ज्याला दिसत नाही, किंवा तांबडा-हिरवा ज्याला सारखाच दिसतो, त्याने काय करावे? भागांची नावे लिहावीत, म्हणजे झाले.

आता कोणी म्हणेल, आमचे कागद तर टंकलिखितच आहेत. येथे मराठीची एक खास गोम आहे. युनिकोड ही अक्षरांची जागतिक मोजणी १९९१ साली प्रसिद्ध झाली व तीत देवनागरीला स्वतःची जागा मिळाली. परंतु ती सर्वत्र रुळेपर्यंत, आणि काही छापखान्यांत त्यानंतरही, जुने फॉन्ट चालू राहिले. या फॉन्टांत युक्ती अशी की, संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षर असते आणि त्यावर मराठी अक्षराचा मुखवटा असतो. कृतिदेव या फॉन्टात ‘कमल’ लिहिले, तर पोटात डी, ई, वाय ही तीन रोमन अक्षरे राहतात. डोळ्याला ‘कमल’ दिसते. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही, तो पोटातलेच वाचतो. असे आठ पानांचे परिपत्रक ऐकून पाहावे. तो अनुभव कोणालाही पुरेसा आहे.

युनिकोडात लिहिले तरी एक काम उरते. हिंदी आणि मराठी यांची लिपी एक; तेव्हा हा मजकूर मराठी आहे, अशी खूण फाइलमध्ये करावी लागते. ती नसेल, तर यंत्र हिंदी आवाज लावू शकते आणि ‘ज्ञान’ या शब्दाचे ‘ग्यान’ करते. वर्डमध्ये ही खूण करण्यास अर्धे मिनिट लागते.

शीर्षकांचेही असेच. डोळा पानावरून झर्रकन फिरतो, ठळक अक्षर पाहून थांबतो. कानाला तसे करता येत नाही. त्याला पहिल्या शब्दापासून निघावे लागते. पण शीर्षकाला ‘हेडिंग’ अशी खूण केली असेल, तर एनव्हीडीएमध्ये एच ही कळ दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. नुसती अक्षरे मोठी व जाड केल्याने हे साधत नाही. तक्त्यातही मोकळ्या जागा सोडून रकाने पाडू नयेत, तक्त्याचीच सोय वापरावी; नाहीतर यंत्र आडवी ओळ एका दमात वाचते आणि गावाचे नाव कोठे संपले, पाणी कोठे सुरू झाले, याचा पत्ता लागत नाही.

चांगले काय असते, हे पाहावयास दूर जावे लागत नाही. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश घडला. १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. पुढे हे जाडजूड खंड युनिकोड अक्षरांत संकेतस्थळावर आले. त्यामुळे साताऱ्याचा अंध विद्यार्थी आज हवी ती नोंद शोधून ऐकू शकतो. खंडांचे नुसते फोटो चढविले असते, तर हे झाले नसते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४२ ने सुगम स्वरूपातील माहितीची जबाबदारी शासनावर घातली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हे घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्कात धरले. २०११ च्या खानेसुमारीत देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांवर होती. त्यांत उतारवयामुळे ज्यांना बारीक व फिके अक्षर लागत नाही, ते सगळे आलेले नाहीत. पांढऱ्यावर फिकट पिवळी अक्षरे छापणाऱ्यांनी निदान घरातल्या वडीलधाऱ्यांना तो कागद एकदा दाखवावा.

आपला कागद कोणत्या जातीचा, हे पाहणे सोपे आहे. पीडीएफ उघडून त्यातला एक शब्द निवडून पाहावा. निवडता आला नाही, तर ते चित्र. निवडता आला, तर तो उचलून कोऱ्या पानावर चिकटवावा. तेथे रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर फॉन्ट जुना. मराठीच दिसले, पण वेलांट्या भलत्या ठिकाणी गेल्या असतील, तर दोष पीडीएफ करण्यात झाला. तेव्हा पीडीएफबरोबर मूळ वर्डची फाइलही द्यावी. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडात आणणारी साधने मिळतात. त्यांतून आलेली जोडाक्षरे मात्र माणसाने एकदा वाचून घ्यावी लागतात.

ग्रंथालये, पतपेढ्या व व्याख्यानमाला यांची पुस्तके आणि अहवाल गेली तीसएक वर्षे संगणकावरच जुळविले जात आहेत. छापून झाल्यावर आपण गठ्ठे घेऊन येतो. फाइल छापखान्यातच राहते आणि संगणक बदलला की जाते. यंदाच्या देयकाबरोबर ती मागून घ्यावी.